‘तो विषय घे, मार्क पडतात’

ओली_माती
काल रात्री भाच्याचा फोन. दहावी झाली, अकरावी सायन्सचा फॉर्म भरायचाय. "मावशी, मराठी ठेवू का आयटी घेऊ? सगळे म्हणतायत आयटीत मार्क पडतात." हे 'मार्क पडतात' ऐकलं आणि मी थेट २००१ च्या जूनमध्ये जाऊन उभी राहिले.

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आमच्या शाळेत आठवीपासून अ तुकडीला संस्कृत, बाकीच्यांना हिंदी. कोणाला काही विचारणं वगैरे नाही. सातवीचे मार्क बघून तुकड्या पाडायच्या, अ मध्ये पडलात की देवः देवौ देवाः सुरू. माझी जिवलग मैत्रीण (सुमी म्हणते, खरं नाव नाही) झेडपीच्या शाळेतून जूनच्या शेवटी आली, तोवर अ भरली होती. ती ब मध्ये. म्हणजे हिंदी.

दहावीला मला संस्कृतात ९७, सुमीला हिंदीत ७२. गणितात तिला दीडशेपैकी १४७, मला १२६. आणि ते १२६ सुद्धा तिने माझ्याकडून प्रमेयं घोटून घेतली म्हणून. एकूण ७५० पैकी मी ६६०, ती ६४१. पुण्यातल्या ज्या कॉलेजात आम्हा दोघींना जायचं होतं तिथली सायन्सची यादी ८७.२ ला बंद झाली, म्हणजे ६५४ ला. नोटीस बोर्डापुढच्या गर्दीत एसटीच्या तिकिटामागे मी पेन्सिलीने हिशेब केला होता. सुमीला संस्कृत असतं आणि माझ्याएवढेच पडले असते तर ६६६. ते तिकीट तिला दाखवलं नाही.

खरं सांगायचं तर मला संस्कृत येत नव्हतं. मला पेपर येत होता. शब्दरूपं पाठ, धातुरूपं पाठ, सुभाषितांचे सरलार्थ पाठ. हिंदीवाल्यांना निबंध, पत्र, कल्पनाविस्तार. पानं भरा नाहीतर जीव ओता, दहातले सहा.

भाच्याला काय सांगावं कळेना. मार्कांसाठी घेतलेले विषय, न मिळालेले विषय, त्याने मिळालेले आणि हुकलेले प्रवेश, लिहा. कुकर उतरवून येते.

कडीपत्ता
पहिली! डबे भरून झाले की लिहिते. माझ्याकडे या विषयावर पुराण आहे.

झिपरी
जर्मन. अकरावीला पहिलं अक्षर शिकले आणि बारावीला ९४. मुंबईत आमच्या वर्गात शंभरच्या वर पोरं, सगळी मराठी-हिंदी चुकवायला आलेली. पत्रं दोनच: वाढदिवसाचं बोलावणं आणि सुट्टीत कुठे गेलो. दोन्ही झोपेत लिहिता यायची.

२०१६ ला नोकरीसाठी श्टुटगार्टला गेले. जानेवारीत रात्री घरातला हीटर बंद पडला. मालकीणबाईंना फोन लावला, वाक्य मनात जुळवलं, आणि तोंडातून काय बाहेर पडावं? "तुझं पत्र मिळालं, वाचून खूप आनंद झाला."

चुलीवरचा_चहा
मेले हसून. ऑफिसात वाचतेय, शेजारचा बघायला लागला. मग हीटर?

झिपरी
शेजारचे तुर्की काका आले. त्यांचंही जर्मन बेताचंच, पण हीटर कळत होता.

बॅकबेंच
मार्क ते मार्क. नियमात बसून घेतले ना? मग अपराधी कसलं वाटून घ्यायचं. तुम्ही संस्कृत सोडलं असतं तर सुमीला सीट मिळाली असती असं थोडीच आहे.

ओली_माती
@बॅकबेंच अपराधी नाही हो. ते तिकीट आठवतं एवढंच.

उत्तरपत्रिका
मी हिंदीची शिक्षिका, आता निवृत्त. बोर्डाचे पेपर बावीस वर्षं तपासले, काही वर्षं मॉडरेटर होते. आतली गोष्ट सांगते. संस्कृतच्या पेपरात अर्ध्या-एका मार्काचे तुकडे असतात. रूप बरोबर किंवा चूक. बरोबर असेल तर परीक्षकाच्या बापाला मार्क कापता येत नाही. निबंधाचं तसं नाही. आठपैकी पाच द्यायची हाताला सवय लागते. सात दिले की मॉडरेटर विचारणार, काय एवढं विशेष? मग पुन्हा वाचा, पुन्हा सह्या करा. उन्हाळ्यात पंख्याखाली गठ्ठा संपवायचा असतो, कोण वाचतं पुन्हा. पाच देऊन मोकळं व्हायचं. मीही दिलेत. चांगल्या निबंधांना दिलेत.

दुसरं असं की संस्कृतला आधीच चाळून घेतलेली पोरं. ओली_माती, तुमच्या अ तुकडीला शाळेने विणकाम दिलं असतं तरी नव्वद पडले असते. मग लोक म्हणाले असते विणकाम स्कोरिंग आहे.

चुलीवरचा_चहा
विणकाम स्कोरिंग =)) टाळ्या

पन्हाळ्याचा_पोऱ्या
आमचं पीकशास्त्र. बारावी सायन्सला बायफोकल, म्हणजे हाताच्या कामाचा २०० मार्कांचा एकच विषय. बाकीची पोरं हसायची, शेतकऱ्याचं पोर आणि कॉलेजला जाऊन पण शेतीच शिकतंय. पण भावा, प्रात्यक्षिक सांगतो. टेबलावर वीस बशा. प्रत्येकीत चिमूटभर बी. नाव लिहायचं. करडई, जवस, कारळा, बरसीम, लसूणघास. शहरातनं आलेली दोन पोरं होती वर्गात, मार्क पडतात म्हणून घेतलेलं. त्यातल्या एकाने कारळ्याला जिरं लिहिलं. बाहेरून आलेले परीक्षक बशी उचलून म्हणाले, "घाल फोडणीत."

माझं वीसपैकी वीस. अभ्यास शून्य. आईबरोबर बी निवडायला बसायचो त्याचे मार्क. पुढं राहुरीला बीएस्सी ॲग्री. सातबाऱ्याचे जादा गुण पण होते. तर सोपा विषय होता का? मला होता. त्या जिरंवाल्याला विचारा.

कडीपत्ता
कारळ्याची चटणी आठवली. पन्हाळ्याचे, कारळे भाजताना तडतडतात तेव्हा ताट झाकायचं का नाही? माझे सगळीकडे उडतात.

पन्हाळ्याचा_पोऱ्या
मंद आच आणि लोखंडी तवा. ताई, धागा काय तुम्ही विचारताय काय :)

आजी_अडुसष्ट
मी जुन्या अकरावीची, १९६८ ची मॅट्रिक. आमच्या वेळी मुलींना बीजगणित-भूमितीच्या वाटेला जाऊ नको म्हणायचे, त्याऐवजी फिजिऑलॉजी-हायजीन घे. मी घेतलं. हृदयाचे चार कप्पे, दातांची निगा, माशा कशा वाढतात. पहिल्या वर्गात पास झाले, वडिलांनी पेढे वाटले. मग कळलं की सायन्सला जायचं तर गणित हवं होतं. तुमच्या काळात सोपा विषय घेतला की दार उघडतं, आमच्यात बंद व्हायचं. आधी कोणी सांगितलं नाही. मला तर डॉक्टरच व्हायचं होतं, म्हणून हौसेने हायजीन घेतलेलं.

झिपरी
अगं आजी.

ओली_माती
आजी, हे वाचून हात थांबला.

आजी_अडुसष्ट
नको वाईट वाटून घेऊ. बँकेत लागले, पस्तीस वर्षं रोकड मोजली. गणितच ते. नात टाइप करून देतेय, तिला क्लासला जायचंय, येते.

वऱ्हाडी_ठेचा
नागपूर. पाली. अकरावी-बारावीला आमच्या कॉलेजात निम्मी पोरं पाली घ्यायची, सगळ्या जातीधर्माची, कारण एकच, स्कोरिंग. गाइड छोटं, प्रश्न तेच ते.

आता माझं सांगतो. आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना. बुद्धं सरणं गच्छामि हे मी बोलायला लागलो तेव्हापासूनचं. पंचशील पाठ, मंगलसुत्त आजीच्या मांडीवर. वर्गात सर पहिल्या दिवशी अर्थ सांगायले लागले तर मले एकदम कळलं की आपण इतके वर्षं म्हणत होतो त्याचा शब्द न शब्द अर्थ आहे. अंगावर काटा आला होता, खरं सांगतो.

बारावीले ९१ पडले. मेसमध्ये एक पोरगा म्हणाला, तुमचं काय बाप्पा, फुकटचे मार्क. भांडलो नाही. एमए पालीतच केलं. आमचे दोन सीनियर यूपीएससीले पाली घेऊन बसले होते, २०१३ मध्ये ऐच्छिकच्या यादीतून पालीच काढून टाकली. तिथंबी बोलणं हेच, की फार मार्क पडतात म्हणे. वाचायचे दोन वर्षं त्यांचे पाण्यात.

बॅकबेंच
@वऱ्हाडी_ठेचा हे वेगळं आहे, मान्य. माझं वरचं वाक्य थोडं मागे घेतो. थोडंच.

वऱ्हाडी_ठेचा
घ्या घ्या, सावकाश घ्या.

लाल_शाई
ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. धाग्याची सुरुवातच आमच्या जखमेवर. बारावी सायन्सला आयटी आणि मराठी यातलं एक निवडायचं असतं. आयटीची परीक्षा संगणकावर, पर्याय निवडा, रिकाम्या जागा भरा, थोडं एचटीएमएल-जावास्क्रिप्ट. पंचाण्णव सहज. दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे सायन्सच्या दोन तुकड्या भरून पोरं होती, यंदा अकरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले. शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, अभिजात झाली, पण आयटीनं आउट केली की."

अकरा पोरांचा वर्ग मात्र छान चालतो, हेही सांगते. कविता झाली की गोल करून बसतो.

टेक्निकलवाला
आठवी ते दहावी टेक्निकल. तिसऱ्या भाषेला रामराम, कार्यशाळेला नमस्कार. कानशीने लोखंडाचा तुकडा चौकोनी करायचा, गुण्या लावून बघायचं, फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. माझा तुकडा चौकोनी होईपर्यंत काडेपेटीएवढा उरायचा. लोक म्हणायचे ढ पोरांचा विषय. पॉलिटेक्निकला टेक्निकलच्या राखीव जागेतून मेकॅनिकल मिळालं आणि पहिल्या वर्षी ड्रॉइंगला वर्गात मी पहिला. ते ‘ढ’वाले माझ्याकडून शीट उतरवून घ्यायला यायचे. एक शीट, एक वडापाव.

कडीपत्ता
आले. डबे गेले, पोळ्या झाल्या, आता पुराण.

आमच्याकडे चित्रकला. मला चित्र येत नाही म्हणजे अजिबात येत नाही. पण एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे मार्क दहावीत धरतात हे आईला कळलं आणि शनिवार संपले. स्थिरचित्राला बाईंनी तांब्या, दोन कांदे आणि मागे चादर मांडली होती. माझा तांब्या कलंडलेला. शेजारच्या मुलीने हळूच सांगितलं, चादरीच्या घड्या जास्त काढ, नजर तिकडे जाते. काढल्या. क श्रेणी! आईने अर्धा किलो श्रीखंड आणलं. संकल्पचित्राची बॉर्डर अजून येते, दर दिवाळीला दारात तीच रांगोळी असते. सासूबाई म्हणतात, हिला दुसरी येत नाही का.

चुलीवरचा_चहा
स्मरणचित्राला ‘बाजारातील दृश्य’ सगळ्यांना यायचंच. मी छत्री उघडून विक्रेत्याचं तोंड झाकायचे. तोंड जमत नव्हतं.

कडीपत्ता
छत्री!! माझ्याकडे सगळी माणसं पाठमोरी.

खिडकीचा_बाबू
प्रवेशाच्या कामात पंधरा वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला होतो, कॉलेज सांगत नाही. ह्या भांडणाचा इतिहास थोडा सांगतो, कारण त्या वर्षांत आम्ही रात्री अकराला घरी जायचो. मुंबईत राज्य बोर्ड विरुद्ध सीबीएसई-आयसीएसई. ओरड अशी की त्यांना मार्क जास्त पडतात आणि चांगल्या कॉलेजातल्या जागा तेच नेतात. आधी पर्सेंटाइलचा प्रयोग. मग २००९ ला ९०:१०, म्हणजे नव्वद टक्के जागा राज्य बोर्डाला. हायकोर्टाने उडवलं. २०१० ला ‘बेस्ट फाइव्ह’, सहापैकी सगळ्यात चांगले पाच विषय धरा. तेही हायकोर्टात पडलं, पण सुप्रीम कोर्टात टिकलं. तेव्हापासून ज्या विषयात कमी पडले तो विषय टक्क्यांपुरता गायबच. पोरांना इतिहास-भूगोल नको असेल तर नको. गणितसुद्धा.

मग २०१९ ला भाषांचे शाळेकडचे तोंडीचे २० मार्क काढले, निकाल ८९.४१ वरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी २० मार्क परत, निकाल ९५.३०. पोरं तीच, गावं तीच. बेस्ट फाइव्ह आणि कला-क्रीडेचे मार्क मिळून आता शंभर टक्केवाल्यांचीच मोठी यादी लागते, २०२४ ला १८७ जण होते, त्यातले १२३ एकट्या लातूर विभागाचे.

खिडकीवर एक आई आली होती. मुलाला ९१, तरी दुसऱ्या यादीतही नाव नाही. म्हणाली, "साहेब, माझे सगळे मिळून एवढे नव्हते हो." मी काय बोलणार. पाण्याची बाटली दिली.

लातूरकर_मी
आमच्या लातूरचं नाव निघालं की सगळे असे हळूच का बोलतात? अभ्यास करतात पोरं. सकाळी पाचला दिवे लागलेले असतात. या बघायला.

खिडकीचा_बाबू
@लातूरकर_मी हळू नाही, कौतुकानेच बोललो. माझी बहीण औश्याला दिलीये.

मु_पो_मेलबर्न
आमच्याकडे व्हिक्टोरिया राज्यात ह्यावर उपाय काढलाय, स्केलिंग. प्रत्येक विषयाचा गुण ५० पैकी, सरासरी ३० वर बसवलेली. मग बघतात की तो विषय घेणारी पोरं बाकीच्या विषयांत कशी आहेत. तगडी असतील तर विषय वर सरकतो, नसतील तर खाली. वरच्या पातळीचं गणित चढतं, सोपं गणित उतरतं. उत्तरपत्रिकाबाईंचं विणकाम इथे सापडलं असतं.

पण गंमत पुढे आहे. भाषा शिकाव्यात म्हणून भाषांना वरून पाचाची उचल देतात. झालं. आमचं मराठी मंडळ लगेच हिशेबाला बसलं. मराठीचा पेपर नाही, हिंदीचा आहे. घरात मराठी बोलणारी पोरगी शनिवारी सकाळी हिंदी शाळेत. कारण? "बाबा, स्केल अप होतं." मी ४५ किलोमीटर गाडी चालवून तिला ‘मेरा प्रिय त्योहार’ लिहायला सोडतो. काल विचारत होती, ‘पतंग’ हिंदीत पुल्लिंगी का स्त्रीलिंगी. मीच अडकलो. कोणाला माहितीय का?

उत्तरपत्रिका
हिंदीत पतंग स्त्रीलिंगी. पतंग उड़ती है. मराठीत तो पतंग. हा एक मार्क महाराष्ट्रात हजारो पोरांचा जातो.

मु_पो_मेलबर्न
बाई, शतशः आभार. पोरगी म्हणते तुम्ही ऑनलाइन शिकवता का.

लंडनची_सून
आमच्या इथे उलटं टेन्शन. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, तीनच विषय, त्यामुळे एक ‘हलका’ निघाला तर गेलंच. २०११ मध्ये रसेल ग्रुपने, म्हणजे मोठ्या विद्यापीठांच्या गटाने, पुस्तिका काढून दार उघडणाऱ्या विषयांची यादीच दिली होती. गणित, इंग्रजी साहित्य, भौतिक, रसायन, जीव, इतिहास, भूगोल, भाषा. बाकीचे आपोआप हलके ठरले. २०१९ ला यादी मागे घेतली, पण आईबापांच्या डोक्यातून कोण काढणार. माझ्या मुलाला मीडिया स्टडीज घ्यायचं होतं. घरात तीन आठवडे अबोला. नवरा म्हणे, बातम्या बघायचे मार्क मिळतात का?

मग मी त्याचा अभ्यास उघडून बघितला. एका जाहिरातीवर चार पानं लिहायची होती, पुन्हा सगळं कारणासहित. मला जमलं नसतं. शेजारच्या गुजराती मुलीने मात्र गुजराती ए-लेव्हल घेतलं, आजीशी गप्पा मारत ए मिळवला. मराठीला इथे पेपरच नाही. आमच्या आजी वाया गेल्या.

झिपरी
आमच्या आजी वाया गेल्या :)))

दिल्लीचा_देशपांडे
डीयूत, म्हणजे दिल्ली विद्यापीठात, प्रवेशाला बेस्ट फोर असायचं, सगळ्यात चांगले चार विषय. त्यांच्या यादीबाहेरचा विषय बेरजेत धरला की टक्के कापायचे. माझ्या बहिणीने शारीरिक शिक्षणात ९८ मिळवले होते आणि ते धरायचे का सोडायचे यावर आमच्या बैठकीत काका, मामा आणि इस्त्रीवाला, तिघांनी मिळून निर्णय घेतला. २०२२ पासून सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा आली, सगळं संपलं. इस्त्रीवाला अजून विचारतो, दीदी का क्या हुआ.

म्हापशेकर
गोव्यात आमी पोर्तुगीज घेतलं तिसरी भाषा म्हणून. घरात आजोबांना येत होतं, त्यांना वाटलं नातू वारसा चालवतो. नातू मार्क चालवत होता.

दोन_हजार_चौदा
आमच्या बॅचचे हाल कोणी विचारू नका. त्या वर्षी महाराष्ट्रात इंजिनीअरिंगला ५० टक्के बारावी, ५० टक्के जेईई मेन. म्हणजे दोन्ही घोडे दामटायचे. वर आयआयटीला बोर्डाच्या पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के पोरांत, असण्याची अट. त्यात पाच विषय: भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि आणखी एक. जो पोरगा दोन वर्षं इंग्रजीचं पुस्तक उघडत नव्हता तो फेब्रुवारीत ‘रिपोर्ट रायटिंग’ पाठ करत बसला होता. तो मीच. जागा इंग्रजीने नाही, रसायनाने घालवली. पण आई अजून सगळ्यांना सांगते, इंग्रजीमुळे राहिलं.

नटबोल्ट
बायफोकलमध्ये अजून एक असतं, स्कूटर अँड मोटरसायकल सर्व्हिसिंग. हसू नका. जीवशास्त्र सुटावं म्हणून घेतलं, वर्गात मुली आम्ही तिघीच. प्रात्यक्षिकाला प्लग काढ, काजळी घास, फीलर गेजने फट माप, परत बसव. पहिल्यांदा प्लग बसवताना आटे वाकडे गेले, सर म्हणाले, "हाताने सुरुवात करायची बाई, पान्याने नाही. आधी हाताला कळू दे." अजून बरणीचं झाकण लावतानासुद्धा ते आठवतं.

दोनशेपैकी १८६. सीईटीपुढे त्या मार्कांचा उपयोग शून्य, तेव्हा प्रवेश सीईटीवरच होते. आज आयटीत आहे. पण सोसायटीत कोणाची गाडी सकाळी सुरू झाली नाही की माझ्या दाराची बेल वाजते.

चुलीवरचा_चहा
कुठली सोसायटी? माझी ॲक्टिव्हा सकाळी खोकते.

नटबोल्ट
एअर फिल्टर बघा आधी. शेवटचा कधी बदललाय?

चुलीवरचा_चहा
असतो का तो?

लाल_शाई
नटबोल्ट यांचा मुद्दा राहून जातोय. आता तरी भांडण उरलंय का? इंजिनीअरिंगला पीसीएममध्ये, म्हणजे भौतिक-रसायन-गणितात, खुल्या वर्गाला ४५ टक्के पुरतात, मेडिकलला नीट. बारावीच्या भाषेत ९५ काय आणि ५५ काय. मग पोरं आयटी का घेतात? मी विचारलं वर्गात. उत्तर आलं, "मॅडम, त्याला अभ्यासच लागत नाही, तो वेळ सीईटीला." म्हणजे आता स्कोरिंग नको, विषयच नको.

ओली_माती
@लाल_शाई हे भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हां, तेच."

रस्त्यात_आहे
कोणाकडे दहावीच्या संपूर्ण संस्कृतची जुनी प्रश्नपत्रिका आहे का? मुलीला हवीये. कोथरूडमध्ये कुठेही येऊन घेईन.

कडीपत्ता
@रस्त्यात_आहे निरोप केलाय. आमच्या माळ्यावर पाच वर्षांचा संच आहे, वाळवी सोडून सगळं शाबूत.

ओली_माती
बायांनो, बाप्यांनो, ऐका. हा धागा सुमीला पाठवला. चोवीस वर्षांत हा विषय कधी काढला नव्हता. आत्ता तासभर फोन झाला, भात करपला.

ती वाचून हसतच सुटली. म्हणाली, "वेडे, हिंदीत ७२ नव्हते, ६४. आठ मार्क तूच वाढवलेस." मग म्हणाली, "आणि तिकिटावर हिशेब कसला करत होतीस? त्या कॉलेजचा फॉर्म मी भरलाच नव्हता." मी गप्प. तिच्या वडिलांनी आधीच ठरवलं होतं, पुण्याला वसतिगृह परवडणार नाही. फॉर्मचे पैसेसुद्धा दिले नव्हते. यादी बघायला ती माझ्यासोबत आली होती, मला एकटीला एसटीचं भय वाटायचं म्हणून. जातानाचं तिकीटही तिनेच काढलं होतं म्हणे. म्हणजे तो हिशेब तिच्याच तिकिटावर.

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस? तर म्हणे, "तू इतकी रडत होतीस माझ्यासाठी, मला वाटलं राहू दे."

तालुक्याच्या कॉलेजातच बीएस्सी केलं तिने, गणितात. आता क्लास घेते. माझ्या भाच्याला प्रमेयं तीच शिकवते.

उत्तरपत्रिका
६४ म्हणजे निबंधात पाच असणार. कुठलं केंद्र होतं, विचारा तिला. मी त्या वर्षी तपासत होते.

ओली_माती
बाई!! विचारते.

चुलीवरचा_चहा
एअर फिल्टर सापडला. काळा ठिक्कर.